गर्दी मोजायचा तास

"पत्रकारिता शिकवून येत नसते" हे वाक्य मी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत इतक्यांदा ऐकलंय की आता नुसता चेहरा बघून कळतं, हे गृहस्थ ते म्हणणार. साधारण रात्रीच्या दुसऱ्या चहाला हे वाक्य येतं. बोलणारा डेस्कवर केस पिकवलेला असतो, शेजारी नुकतीच पदवी घेऊन आलेली पोरं सिंगल कॉलमच्या मथळ्याशी झटत असतात, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं जातं : टिळकांकडे होतं का वृत्तपत्रविद्येचं सर्टिफिकेट? आगरकरांकडे होतं?

नव्हतं, कबूल. पण दोघांनी 'केसरी' काढला १८८१ मध्ये आणि न्यू इंग्लिश स्कूल त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं होतं. त्यांच्याही आधी, ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते. मराठी वृत्तपत्राचा पहिला संपादक हाडाचा मास्तर होता. त्यामुळे शाळेचं आणि छापखान्याचं वाकडं आहे, हे मला काही पटत नाही.

या वादातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे. मिझुरी विद्यापीठात, म्हणजे तिथल्या सरकारी विद्यापीठात, १९०८ साली पत्रकारितेचं स्वतंत्र महाविद्यालय सुरू झालं. त्याचे पहिले अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स स्वतः कधी कॉलेजात गेलेले नव्हते. छापखान्यात उमेदवारी करून संपादक झालेला हा माणूस. त्यांनी केलं काय, तर वर्ग भरले त्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून गावासाठी खरंखुरं वर्तमानपत्र काढून घेतलं. शिकून येतं की करून येतं, हा वाद त्यांनी एका दिवसात मिटवला. आपण अजून चहावर घालतोय.

मी 'रानडे'ची. पुण्यात एवढं सांगितलं की पुरतं. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूटची इमारत, न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाची, आणि तिच्यात पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग. विभाग १९६४ चा. विद्यापीठ मुळात गणेशखिंडीत, पण हा विभाग गावात, अगदी रहदारीत. याच इमारतीत परकीय भाषांचा विभागही आहे, त्यामुळे आमच्या वर्गात पत्रकारितेचा इतिहास चालू असताना भिंतीपलीकडून जर्मन क्रियापदं ऐकू यायची. कोण कुठल्या वर्गाचं हे कॅन्टीनमध्ये लगेच कळायचं. जर्मनवाले वेळेवर उठून जायचे.

मी बार्शीहून आले. अप्पांचं म्हणणं होतं की पेपरात नाव यायला कॉलेज कशाला, वाढदिवसाची जाहिरात दिली तरी येतं. खासगी संस्थांची दोन गुळगुळीत माहितीपत्रकं मी घरी नेली होती. अप्पांनी ती शेवटच्या पानापासून उघडली, फीचा तक्ता वाचला आणि काही न बोलता माझ्याकडे परत दिली. विद्यापीठाची जाहिरात वर्तमानपत्रात एवढीशी, बारीक टाइपात आली होती. तिच्यातली फी वाचून मात्र ते म्हणाले, "मग जा की."

ते "मग जा की" फक्त आमच्या घरी म्हटलं गेलं नव्हतं, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. वर्गात बीडचा एक होता, नंदुरबारचा एक, एक वकील, एक इंजिनिअर, इंग्रजी शाळेतल्या कोथरूडच्या दोन मुली आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणायचे, सरसुद्धा. दुसऱ्या कुठल्या निमित्ताने ही माणसं एका बाकावर बसली असती असं मला वाटत नाही. पाण्याच्या बातमीवर चर्चा निघाली की कोथरूडच्या मुलींचं पाणी म्हणजे सोसायटीची टाकी, आणि बीडच्या मित्राचं म्हणजे टँकरमागे धावणाऱ्या घागरी. शब्द एकच असायचा आणि भांडण तासभर चालायचं. सरांनी ते कधी थांबवलं नाही. आता स्वतः वर्गापुढे उभी राहते तेव्हा कळतं, तो तास त्यांनी मुद्दाम तसा लावलेला असायचा.

पण सांगायचंय ते मोजण्याबद्दल.

वार्तांकनाच्या तासाला एक दिवस सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि विचारलं, दोनशे फूट बाय दीडशे फूट मैदान आहे, सभा भरलीय, आयोजक म्हणतात पन्नास हजार लोक आले. काय लिहाल? आम्ही म्हणालो, "आयोजकांच्या म्हणण्यानुसार पन्नास हजार." वर "असा दावा करण्यात आला" हे शेपूट. सर म्हणाले, ते लिहायला तुम्ही कशाला हवे, आयोजकांनाच लिहू द्या. मग त्यांनी हर्बर्ट जेकब्ज यांची रीत सांगितली. जेकब्ज कॅलिफोर्नियाच्या बर्कलीत, तेही सरकारी विद्यापीठच, पत्रकारिता शिकवत. १९६० च्या दशकात व्हिएतनाम युद्धाविरुद्धची निदर्शनं त्यांच्या खिडकीखालच्या चौकात व्हायची. चौकातल्या फरशीवर चौकोनांची आखणी होती. त्यांनी काही चौकोनांतली माणसं मोजली, चौकोनांच्या संख्येने गुणलं आणि एक अंदाज बसवला : मोकळी उभी गर्दी असेल तर माणशी १० चौरस फूट, दाट असेल तर साडेचार, आणि श्वास घेता येणार नाही अशी असेल तर अडीच.

आता मांडा. ३०,००० चौरस फूट. मोकळी गर्दी ३,०००. दाट म्हटली तर साडेसहा हजारांच्या थोडी वर. आणि माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असली तरी १२,०००. पन्नास हजारांना त्या मैदानात एकमेकांच्या खांद्यावर बसावं लागलं असतं. अगदी साधा गुणाकार-भागाकार, पाचवीतल्या पोराला येईल असा. पण वर्गातल्या एकालाही तो करावासा वाटला नव्हता. आकडा दिला गेला होता, आणि दिलेला आकडा घ्यायचा असतो अशी आमची सगळ्यांची समजूत होती.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून पालख्या पुण्यात जुलैमध्ये आल्या. तुकोबांची आणि माउलींची, दोन्ही फर्ग्युसन रस्त्यानेच जातात, म्हणजे आमच्या फाटकावरून. सरांनी जोड्या पाडल्या आणि सांगितलं, मोजा. वाहत्या गर्दीची रीत वेगळी. समोरासमोरचे दोन खांब धरायचे, त्यांच्यामध्ये एक रेघ आहे असं समजायचं, आणि दर दहा मिनिटांनी एक मिनिटभर ती रेघ ओलांडणारी माणसं मोजायची. मिनिटाला दीडशे धरली आणि ओघ चार तास चालला तर ३६,००० होतात. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दिंडी रेघेवर येते आणि फुगडी धरते. दोघी बायका पुढे जातात, गोल फिरतात आणि परत अलीकडे येतात. टाळकरी थांबतात. तुळस डोक्यावर घेतलेली आजी रेघेवरच उभी राहून कुणाला तरी हाका मारते. ती धरायची का? पावसाची बारीक झड होती, वहीवरची शाई पसरत होती, आणि माझी जोडीदारीण "पुंडलिक वरदे" म्हणण्यात आकडा विसरली, मग आम्ही ते मिनिट सोडून दिलं.

काकांनी खिशातून जपमाळ काढली होती. दहा माणसं गेली की एक मणी. एकशेआठ मणी झाले की वहीत एक काडी. चेहऱ्यावर असा भाव की बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ नामस्मरण करतायत. एका वारकऱ्याने त्यांना वाकून नमस्कार केला. काकांनी प्रतिनमस्कार केला, पण मणी चुकू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जोड्यांचे आकडे फळ्यावर आले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आम्ही खजील. सर मात्र खुशीत. त्यांना आकडा नकोच होता, तो कसा काढला ते हवं होतं. कुणी कुठे उभं होतं, किती वाजता सुरू केलं, रस्त्याच्या कडेला दर्शनाला थांबलेले धरले की नाही, माउलींच्या रथापुढच्या २७ दिंड्या आणि मागच्या यांत फरक केला का, ट्रकने पुढे गेलेल्यांचं काय? तासाच्या शेवटी आमच्या हाती आकड्यापेक्षा एक लांबलचक यादी राहिली, आपण काय काय मोजलं नाही याची. त्या दिवशीच्या सगळ्या वर्तमानपत्रांत "लाखो" होतं. सरांनी त्यालाही हरकत घेतली नाही. भक्तीच्या बातमीत लाखो चालतं, म्हणाले, पण उद्या लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, तर त्याच रस्त्यावर किती माणूस मावतो हे तुम्हाला ठाऊक पाहिजे.

हे न्यूजरूममध्ये शिकता आलं नसतं का? मला नाही वाटत. तिथे पान सोडायची वेळ ठरलेली असते. एका मिनिटाची माणसं मोजायला चार तास उभं राहणाऱ्या बातमीदाराला वृत्तसंपादक दुसऱ्या दिवशी दुसरी बीट, म्हणजे बातम्यांचं दुसरं खातं, देईल. विद्यापीठाने आम्हाला दिला तो वेळ. निकाल न लागणाऱ्या कामासाठी कमी पैशात मिळालेला वेळ, आणि तो अप्पांसारख्यांच्या खिशाला परवडला म्हणून माझ्यापर्यंत आला.

सिद्धान्ताच्या पेपरांची गंमत वेगळी. उत्तरं मराठीत लिहायची मुभा, पुस्तकं मात्र इंग्रजीत. लासवेल, श्रॅम, मॅकलुहान ही माध्यमांचे सिद्धान्त मांडणारी मंडळी आमच्या वसतिगृहात रात्री अकरानंतर कोथरूडच्या एकीच्या तोंडून मराठीत बोलायची आणि बदल्यात बीडचा मित्र तिला सातबारा वाचायला शिकवायचा. बऱ्याच सिद्धान्तांचं पुढे काही झालं नाही, खरं सांगायचं तर. एकाचं झालं. मॅककोम्ब्ज आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल गावातल्या शंभर मतदारांना विचारलं, तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, आणि ती उत्तरं तिथल्या माध्यमांत आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिली. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्या निघाल्या. माध्यमं काय विचार करायचा ते सांगतात का याचं उत्तर वादाचं राहील, पण कशाबद्दल विचार करायचा ते सांगतात. नुसते शंभर मतदार आणि एक छोटं गाव, तेवढ्यावर १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निबंध अजून जगभर शिकवला जातो.

आमच्याकडे त्याचं प्रात्यक्षिक इतिहासाच्या तासाला व्हायचं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'त छापली गेली नव्हती. यादीत कोण नाही हे ठरवायला एवढं पुरतं. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, आणि १ जानेवारी १९३२ ला 'सकाळ' सुरू करणारे नानासाहेब परुळेकरही तिथलेच. मराठी पत्रकारितेला न्यूयॉर्कच्या एकाच विद्यापीठाने दोन टोकांना दोन संपादक द्यावेत, याची मला अजून मौज वाटते.

कायद्याचा पेपर सगळ्यांना रुक्ष वाटायचा. १८६७ चा मुद्रणालयांचा कायदा (तो आता २०२३ च्या नव्या कायद्याने गेला), १९२३ चा शासकीय गुपितांचा, १९७१ चा न्यायालयीन अवमानाचा. पाठ करून लिहायचं आणि विसरायचं. पण डेस्कवर बसल्यावर सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच पेपर. जिल्हा आवृत्तीला रात्री साडेदहाच्या पुढे तालुक्याच्या वार्ताहरांच्या बातम्या लोटतात. एका रात्री अत्याचाराच्या गुन्ह्याची बातमी आली. वार्ताहराने मुलीचं नाव घातलं नव्हतं, तेवढं त्याला माहीत होतं. पण गावाचं नाव होतं, वय होतं, इयत्ता होती, आणि "सरपंचांची पुतणी" असंही होतं. मी गाव काढलं, नातं काढलं, इयत्ता काढली. फोन केला तर तो वैतागला. ताई, मग बातमीत राहिलं काय? मी म्हटलं, गुन्हा राहिला, अटक राहिली, पोलीस ठाणं राहिलं. तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या कलम २२८-अ मध्ये (२०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२) ओळख उघड होईल "असा कोणताही मजकूर" यायचा, नुसतं नाव नाही, हे तासाला मॅडमनी तीनतीनदा घोकून घेतलं होतं. वार्ताहराला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो दुकान सांभाळून बातम्या देणारा माणूस, मानधनापेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर चालणारा. त्याला कोण वर्ग घेणार? महाराष्ट्रातल्या बहुतेक बातम्या अशाच माणसांच्या हातून येतात, आणि पत्रकारितेचे अभ्यासक्रम आखताना त्यांची आठवण कुणाला होत नाही. माझी ही जुनी तक्रार आहे, संधी मिळेल तिथे करते.

माहितीचा अधिकार तेव्हा नवा होता. १२ ऑक्टोबर २००५ ला कायदा पूर्णपणे लागू झाला आणि आमच्या मॅडमनी प्रत्येकाला एक अर्ज करायलाच लावला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं आणि तीस दिवस वाट बघायची. बीडच्या मित्राने गावाकडच्या टँकरच्या खेपांचं लॉगबुक मागितलं. प्रती आल्या त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्याभोवती. खेपांचे आकडे नीटच होते, बेरीज जुळत होती. काकांनी कागद हातात घेतला, बँकेतली नजर, आणि म्हणाले, सह्या बघा. महिनाभर रोज पाणी मिळाल्याच्या गावकऱ्यांच्या सह्या, वेगवेगळ्या नावांच्या, पण सगळ्यांचा 'र' सारखा. एकाच बैठकीत, एकाच हाताने. बेरजेत कुणी चूक करत नाही, काका म्हणाले, चूक अक्षरात सापडते. पुढे त्याने गावात जाऊन त्यातल्या काही सह्यावाल्यांना गाठलं, त्यांतल्या एका म्हातारीला सही करता येत नव्हती. बातमी आमच्या प्रायोगिक अंकात छापून आली. तिचा खप म्हणजे आम्ही आणि आमचे नातेवाईक, पण अंक गावात पोचला आणि टँकर काही दिवस रोज आला, असं त्याच्या आईने फोनवर सांगितलं.

आता तो मित्र सरकारी नोकरीत आहे, एमपीएससी देऊन. कोथरूडची एक परदेशात, एक जनसंपर्क कंपनीत. वर्तमानपत्रात टिकलेले आम्ही हाताच्या बोटांवर. याचं कुणी दुःख केलं की मला नवल वाटतं. लॉगबुकातल्या सह्यांकडे बघायची सवय लागलेला माणूस सरकारी कचेरीत बसला, तर वाईट काय झालं?

दुखतं ते दुसरीकडे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. एक माणूस निवृत्त होतो आणि त्याचे तास तासिका तत्त्वावर चारजणांत वाटले जातात. त्या चौघांना तास घेण्याचे पैसे मिळतात. पालखीत विद्यार्थ्यांबरोबर भिजण्याचे कोण देणार? २०२१ मध्ये रानडेतला विभाग दुसऱ्या विभागात विलीन करून गणेशखिंडीतल्या आवारात न्यायचं घाटत होतं, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो निर्णय थांबला. मीही त्या बाजूने होते. दगडाच्या इमारतीचं प्रेम होतंच, नाही कशाला म्हणू. पण मुख्य भीती वेगळी. विभाग गावाबाहेरच्या हिरव्यागार आवारात गेला की मोर्चा, पालखी, गुडलक चौकातली बाचाबाची हे सगळं बघायला बस पकडून यावं लागेल, आणि बस पकडून कुणी येत नाही.

अधूनमधून मला पाहुणी म्हणून तास घ्यायला बोलावतात, इकडे तिकडे. मुलं हुशार आहेत, आमच्यापेक्षा धीट. कॅमेरा, एडिटिंग, आवाज सगळं खिशात घेऊन फिरतात. जेकब्जची रीत सांगितली तर एकाने तिथल्या तिथे फोनवर मैदानाचा उपग्रह नकाशा काढला, क्षेत्रफळ मोजलं, माझं फळ्यावरचं गणित व्हायच्या आत. मला आनंद झाला. मग मी विचारलं, तुम्ही जे रील टाकता त्याला दोन लाख व्ह्यूज आले असं दिसतं, तो आकडा कोण मोजतं? किती सेकंद थांबलं की एक धरतात? तोच माणूस दोनदा आला तर? वर्ग गप्प. पालखीच्या रेघेवर फुगडी खेळणाऱ्या बायका मला आठवल्या, पण त्यांना काय सांगणार.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, हे सगळं तपासून होईपर्यंत बातमी बाकी सगळ्यांकडे लागलेली असते."

"लागू दे," मी म्हटलं. "आपली उद्या लावू."

"उद्या कोण बघतं?"

मी तिला म्हटलं, पुढच्या आठवड्यापर्यंत शोधून काढ, कालच्या बातम्या आज किती जण उघडतात. तुमच्याच विभागाच्या पेजचे आकडे बघ, आणि ते कसे काढले तेही लिहून आण. ती म्हणाली, पेजचा पासवर्ड ज्या सरांकडे होता ते तासिकेवर होते, त्यांचं कंत्राट मार्चमध्ये संपलं.